तुम्ही विचारलंत म्हणून: अल्पाकाचा जीनोम वाचून झालाय, मग नकाशा कशाला?

अल्पाका म्हणजे अँडीज पर्वतातला, लोकरीसाठी पाळला जाणारा उंटाचा छोटा नातेवाईक. त्याच्या गुणसूत्रांवर मार्कर, म्हणजे जागा दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणा, बसवून नकाशा करण्याचं काम मी काही वर्षं अमेरिकेत केलं. हे कुठे बोलण्यात आलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "थुंकतात का हो ते?" थुंकतात, बहुतेक वेळा एकमेकांवर. दुसरा प्रश्न आमच्याकडे शिकायला येणारी एमएस्सीची पोरं विचारतात: "मॅडम, अख्खा जीनोम कॉम्प्युटरवर आहे ना? मग मायक्रोस्कोपखाली एकेक ठिपका कशाला बघत बसायचं?"

रास्त आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जीनोम, म्हणजे जनावराचा सगळा डीएनए, सलग आणि क्रमाने वाचून हाती आलाय. तसं नसतं. यंत्र डीएनएचे तुकडे वाचतं आणि कॉम्प्युटर त्यांची टोकं जुळवतो. तोच मजकूर जिथे पुन्हा पुन्हा येतो तिथे त्याला पुढचा तुकडा कुठला हेच कळत नाही. समजा, पत्ता आलाय 'साईकृपा सोसायटी, स्टेशनजवळ'. मुलुंड, मालाड की डोंबिवली? सोसायटीतल्या प्रत्येक घराची नावं तुमच्याकडे आहेत, पण जायचं कुठल्या स्टेशनला ते माहीत नाही. अल्पाकाच्या जीनोमची २०१९ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तीत बराच भाग ठरावीक गुणसूत्रांवर बसवता आला. सगळा नाही.

बरं, गुणसूत्रं तरी ओळखू यावीत! माणसाची ४६, अल्पाकाची ७४. लामाची ७४, उंटाचीही ७४. पहिल्या काही जोड्या सोडल्या तर पुढची सगळी बारकी आणि एकसारखी. रंग देऊन पट्टे उठवले तरी दोन जोड्यांत फरक सांगताना घाम फुटतो. त्यामुळे क्रमांकांचाही घोळ: एका लॅबने ज्याला एक नंबर दिला त्यालाच दुसरीने दुसरा. मी आता परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माणसांचे कॅरिओटाइप करते, म्हणजे गुणसूत्रांच्या जोड्या लावून तपासते, आणि त्या मानाने आपली गुणसूत्रं फारच सज्जन आहेत.

कामाची रीत मात्र तीच. पेशी वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन मधल्या टप्प्यावर थांबवायच्या, फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये धुवायच्या आणि ड्रॉपरने थेंब काचेवर सोडायचा. थेंब सुकताना पसरतो आणि त्याच्याबरोबर गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. किती सुटी होतील हे हवेतल्या दमटपणावर अवलंबून असतं. जुलै महिन्यात परळला स्लाइड करणाऱ्याला विचारा! डिह्युमिडिफायर बंद पडला तर त्या दिवशी फक्त रिपोर्ट टाइप करायचे. मग येतो प्रोब, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेल्या डीएनएचा चमकणाऱ्या रंगाने माखलेला तुकडा. तो आपल्या जोडीदाराला जाऊन चिकटतो आणि निळ्या गुणसूत्रांवर हिरवे ठिपके उजळतात. विभाजनाआधी गुणसूत्राची नक्कल होऊन दोन पाती झालेली असतात, त्या दोन्हींवर एकेक आणि जोडी असल्यामुळे एकूण चार. ते चार दिसले की तो जनुक कुठे राहतो ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. हिशेब किंवा अंदाज नाही.

२०१४ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या गटाने असे २३० मार्कर अल्पाकाच्या सगळ्या गुणसूत्रांवर क्रमाने लावले. १४, २१, २२, २८ आणि ३६ या जोड्यांवर तोवर एकही मार्कर नव्हता. त्यातली ३६वी सगळ्यात छोटी आणि माझ्या मते सगळ्यात रोचक. काही वांझ माद्यांमध्ये या जोडीतलं एक गुणसूत्र दुसऱ्यापेक्षा फारच लहान दिसतं. आता छोट्याचा तुकडा गळालाय, की मोठ्यावर बिनकामाची भर पडलीय? दोन्हींचा अर्थ वेगळा, आणि नुसतं बघून ते सांगता येत नाही. त्यासाठी ३६ नंबरचा आपला मार्कर हातात हवा. गंमत म्हणजे या चिमुकल्या गुणसूत्रावर जे जनुक सापडले तेच जनुक माणसात ७ नंबरच्या गुणसूत्रावर आहेत. त्यामुळे आपल्या यादीत बघून तिथे आणखी काय असेल याची अटकळ बांधता येते.

गाई-कोंबड्यांचे नकाशे मोठमोठी कुटुंबं घेऊन, कुठला गुण कुठल्या गुणाबरोबर पोरांत उतरतो हे मोजून झाले. अल्पाकाची मादी साडेअकरा महिन्यांच्या आसपास गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. कुटुंबं आणायची कुठून? म्हणून हे ठिपके, आणि दुसरी एक अघोरी वाटणारी युक्ती: किरणांचा मारा करून अल्पाकाची गुणसूत्रं तोडायची आणि ते तुकडे हॅमस्टरच्या पेशींत जगवायचे. दोन मार्कर वारंवार एकाच पेशीत सापडले तर ते शेजारी.

पेरूतल्या पाळणाऱ्याला यातून काय मिळतं? लोकर जितकी बारीक तितकी मोलाची, आणि पांढरीला मागणी जास्त, कारण ती कुठल्याही रंगात रंगवता येते. पण निळ्या डोळ्यांचं पांढरं पिल्लू बरेचदा बहिरं निघतं. अशा गुणाजवळचा मार्कर सापडला की कुठला नर कुठल्या मादीला लावू नये हे रक्ताच्या थेंबावरून आधीच कळू शकतं, पिल्लू जन्मायची वाट पाहावी लागत नाही.

"पण आपल्याकडे कुठे अल्पाका?" हा तिसरा प्रश्न, बहुधा माझ्या सासूबाईंचा. नाहीत. पण उंट आहेत. त्याच २०१४ च्या कामात अल्पाकाच्या १५ गुणसूत्रांवरचे ८६ जनुक एक वशिंडाच्या उंटावर ताडून पाहिले, तर मांडणी जवळजवळ जशीच्या तशी. म्हणजे अँडीजमधल्या जनावरासाठी केलेला नकाशा राजस्थानातही चालतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात उंट उरले अडीच लाख, आधीच्या गणनेपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी. कळप असे आटत असताना पैदाशीला कुठला नर ठेवायचा याचा निर्णय महाग पडतो. बिकानेरला उंटांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. एमएस्सीच्या ज्या पोरांना ठिपके बघण्याचा कंटाळा नाही, त्यांना मी तिथे अर्ज करा म्हणून सांगते. शिवाय तिथली हवा कोरडी आहे, परळसारखा दमटपणाचा जाच नाही.