पाण्याचा हिशेब

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी दुपारी अडीचला कॅज्युअल्टीतून फोन आला. "सिस्टर, जुलाबाची पेशंट म्हणून घेतली होती. साडी बदलताना दिसलं, पोटाला पिशवी आहे. लवकर या."

२०२४ साल, मेची १० तारीख. जळगावचा मे कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी सर्जरी वॉर्डची सिस्टर. मुंबईला टाटा रुग्णालयात स्टोमाच्या, म्हणजे पोटावर आणलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, काळजीचं प्रशिक्षण घेऊन आल्यापासून पोटावर पिशवी असलेला पेशंट आला की मला बोलावतात.

खाली सव्वीस वर्षांची मुलगी पडली होती. हातावर ताजी मेंदी, अंगावर सणाची साडी, डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी ठाक. पोटऱ्यांत गोळे येत होते, ते आले की ती कण्हायची, एरवी तेवढंही बळ नव्हतं. बीपी ८०/५०. पिशवी काठोकाठ भरलेली, पिशवी कातडीला चिकटवणारी प्लेट एका बाजूने सुटलेली आणि हिरवट पाणी कमरेखाली झिरपलेलं. आईने डॉक्टरांना "जुलाब होतात, चक्कर येऊन पडली" एवढंच सांगितलं होतं. सणासुदीचं खाणं आणि ऊन, गॅस्ट्रोची केस धरली गेली. तासभर कुणी पदर बाजूला केला नाही. त्यासाठी मी तरुण डॉक्टरांना एकट्यांनाच दोषी धरणार नाही, पण पोट न बघता पोटाचा पेशंट तपासू नये, हे मी त्या दिवशी त्यांना तोंडावर सांगितलं.

पिशवी रिकामी करत होते तेव्हा आई माझ्या कानाशी आली. "ताई, इना बापले माहित नही. धाकलीनं लगीन जमाडनं शे. बोभाटा व्हई."

मुलगी अमळनेर तालुक्यातली, सासर सुरतेला. सहा वर्षं मोठ्या आतड्याचा आजार. अल्सरेटिव्ह कोलायटिस. शौचावाटे रक्त, दिवसातून पंधरा-वीस वेळा पळापळ, स्टेरॉइडनं सुजलेला चेहरा. शेवटी जानेवारीत सुरतेला तिचं मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचं टोक बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, पोटावर आणून शिवलं. याला इलिओस्टोमी म्हणतात. ऑपरेशनला आई गेली होती. गावात मात्र "पोटाचं ऑपरेशन" यापलीकडे शब्द नाही. वडिलांनाही नाही.

मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ शोषून घेण्याचं. तेच नसलं की लहान आतड्यातून येणारं पातळ, खारट पाणी सरळ पिशवीत. घडी बसल्यावर दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलिलिटर, फार तर लिटरभर. दीड लिटरच्या वर गेलं की शरीर सुकायला लागतं. या मुलीला सुरतेत पिशवी बदलायला शिकवलं होतं, तेही घाईघाईत. काय प्यायचं, किती प्यायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि आमच्याकडच्या उन्हाळ्याचा विचार तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

काय झालं ते तिने नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. सुरतहून अमळनेरला रेल्वेने येताना गाडीत पिशवी भरेल म्हणून आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नाही, पाण्याचा घोटही घेतला नाही. घरी पोचली तेव्हा तोंडाला कोरड पडलेली. मग उसाचा रस, लिंबू सरबत, आणि आखाजीला घागर पुजून झाल्यावर वाटी-वाटी आमरस. ती तहान मला समजते. पण इतकी साखर लहान आतड्यात गेली की ती आपल्याबरोबर शरीरातलं पाणी ओढून घेते. पिशवी तासातासाला भरू लागली. माजघरात नणंदा-भावजया, अंगणात झोका, रिकामी करायला जाणार कुठे? घरात एकच संडास, तोही मागच्या गोठ्यापाशी, सगळ्यांच्या नजरेसमोर. मैत्रिणींनी ओढून झोक्यावर बसवलं. दोन झोके झाले आणि ती खाली कोसळली.

लॅबमधून रिपोर्ट आले. सोडियम १२२, म्हणजे रक्तातलं मीठ फार कमी. क्रिएटिनिन २.८, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावत चाललेलं. नॉर्मल सलाईन वेगाने सुरू केलं. संध्याकाळी सहाला लघवीच्या पिशवीत पहिलं गडद पिवळं पाणी दिसलं, तेव्हा मी जेवायला बसले.

रात्री तिला विचारलं, "घरी गेल्यावर रोज मोजमाप करावं लागेल. आईचे हात थरथरतात. वडिलांना सांगू का?"

ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. "सांगा. आता काय उरलंय लपवायचं."

वडील बाहेर बाकावर बसले होते. कापूसवाले शेतकरी, बोलणं कमी. मी कागदावर आतड्याचं चित्र काढून सगळं सांगितलं. मला रडण्याची, चिडण्याची तयारी ठेवावी लागते अशा वेळी. ते खूप वेळ चित्राकडे बघत होते. मग एवढंच विचारलं, "दिनभरमा कितलं पानी बाहेर जास?"

सदऱ्याच्या खिशातून त्यांनी डायरी काढली. त्यात मोटर किती वाजता सुरू केली, कुठल्या पंपाला किती मिली औषध, ठिबकचा कुठला पट्टा कधी भिजला, सगळं लिहिलेलं. नवं पान उलटून वर लेकीचं नाव लिहिलं, मध्ये रेघ मारली. डाव्या बाजूला 'आत', उजव्या बाजूला 'बाहेर'. इतक्या वर्षांत मी नर्सिंगच्या मुलींना इनटेक-आउटपुटचा तक्ता शिकवून दमले, त्यांनी एका रेघेत मांडला.

पहिल्या चोवीस तासांत बाहेर २४०० मिलिलिटर. ते म्हणाले, मग तहान लागते तर तिला भरपूर पाणी का देत नाही? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण कित्येक वर्षं मीच घरी जाणाऱ्या पेशंटला "भरपूर पाणी प्या" सांगायचे. पिशवी अशी वाहत असताना नुसतं साधं पाणी ढोसलं तर आतडं त्यात शरीरातलंच मीठ सोडतं, आणि ते मीठ-पाणी दोन्ही पिशवीत जातं. म्हणून साधं पाणी मोजकं, आणि तहानेला ओआरएस, घोट-घोट. त्यांनी मान हलवली. "जास्त पानी सोडं का वावर धुपस, तसं शे हाई."

मी आता प्रत्येक पेशंटला हेच वाक्य सांगते.

डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास लोपेरामाइडची, आतड्याची गती कमी करणारी, गोळी सुरू केली. जेवणात मऊ भात, साबुदाणा, केळं, खारं ताक. केळ्याने पाणी घट्ट होतं, आणि केळी तर आपल्याच जिल्ह्याची. ओआरएसचं लिटरचं पाकीट बरोबर एक लिटरमध्येच, अर्ध्या लिटरमध्ये नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वडिलांनी चहाचा चमचा घरून मागवला आणि मला दाखवून खात्री करून घेतली. औषधाची मात्रा चुकली की पीक जळतं हे ज्याने पाहिलंय, त्याला 'सपाट' शब्दाचा अर्थ दोनदा सांगावा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी प्लेट बदलायची होती. सकाळी, नाश्त्याच्या आधी, तेव्हा वाहणं सर्वांत कमी असतं. कातडी सोलून लालभडक झाली होती. कारण लगेच दिसलं. स्टोमा २८ मिलिमीटरचा, आणि प्लेटचं भोक चाळीसचं कापलेलं. ऑपरेशननंतरच्या सुजेवर घेतलेलं माप, सूज उतरल्यावर कुणी पुन्हा घेतलंच नव्हतं. उघड्या राहिलेल्या कातडीवर पाचक रस दिवसरात्र पडत होता. मी तीसचं भोक कापायला लावलं. कापलं वडिलांनी. मुलीने तोंड भिंतीकडे केलं होतं. ते म्हणाले, "दुखस का?" ती म्हणाली, नाही. स्टोमाला स्पर्शाची वेदना नसते, हे त्यांना खरंच वाटेना. तेव्हा तिनेच वळून ओल्या कापसाने तो लाल कोंब पुसून दाखवला.

सोललेल्या कातडीवर पावडर लावताना मी कांडोळाची गोष्ट काढली. सातपुड्यातलं ते पांढऱ्या खोडाचं झाड, ज्याचा डिंक आदिवासी गोळा करतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडला रूपर्ट टर्नबुल नावाच्या सर्जननी स्टोमाभोवतीची कातडी वाचवायला हाच डिंक वापरला. आताच्या प्लेटमध्ये पेक्टिन, जिलेटिन असं असतं, पण सुरुवात या डिंकापासून झाली. त्यांच्याकडची नॉर्मा गिल नावाची एक पेशंट पुढे अशा पेशंटना शिकवणारी पहिली थेरपिस्ट झाली. मुलगी एकदम म्हणाली, "तिला स्वतःला पिशवी होती?"

"हो. आजारही तुझाच. अल्सरेटिव्ह कोलायटिस."

ती उठून बसली. मग तिने विचारायला सुरुवात केली. मूल होऊ शकतं का. झोपेत पिशवी सुटली तर. शेंगदाणे, भरीत खायचं का. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पूर्ण भरायची वाट बघायची नाही, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. अख्खे दाणे टाळ, कूट चालेल. भरिताचं वांगं कमी बियांचं आणि घास नीट चावून. मुलाबद्दल मी म्हणाले, पिशवी असलेल्या बायकांना मुलं होतात, पण आधी अंगात बळ येऊ दे आणि सर्जनला विचार.

आई मात्र शेवटपर्यंत दाराकडे बघून बोलत राहिली. मी तिच्यावर रागावले नाही. धाकटीच्या सोयरिकीची भीती खोटी नाही, आमच्याकडे तशा सोयरिकी मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. प्लेट-पिशवीच्या एका जोडीला निंदणाऱ्या बाईची एक-दोन दिवसांची मजुरी जाते, ही भीतीही तिच्या डोक्यात होती. पण लेक मरणाच्या दारात असताना डॉक्टरपासून लपवणं, ते मला आजही पचत नाही.

सहाव्या दिवशी ती घरी गेली. डायरीत बाहेरचा आकडा ९०० वर आला होता.

पुढचा महिनाभर वडिलांचा फोन यायचा, मोटर बंद करून आल्यावर, रात्री साडेआठच्या सुमारास. इकडतिकडचं काही नाही. जूनच्या पहिल्या पावसाच्या दिवशीही आला, मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"सिस्टर, आज सातशे शे. आणि तिनी स्वतःच मोजं."