तीन मंगळवार आणि डिकीतला ईसीजी

आडवा असताना 126/80 असलेला माझा रक्तदाब उभा राहिल्यावर एका मिनिटात 98/66 वर येतो, हे कळायला एक खाट, रक्तदाबाचे यंत्र आणि पाच मिनिटे पुरेशी होती. मला मात्र त्यासाठी तीन मंगळवार घालवावे लागले, भुसावळहून जळगावला तीन हेलपाटे मारावे लागले आणि एक ईसीजी दोनदा काढावा लागला.

माझे वय 47, मी शाळेत शिक्षक आहे. आईच्या आजारपणामुळे चौदा महिने जिम बंद होती आणि त्याच काळात माझा रक्तदाब 150/96 निघून गोळी सुरू झाली होती. मार्चच्या अखेरीस मी परत जाऊ लागलो. पूर्वी 80 किलोचे स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) करत असल्याने 60 किलो म्हणजे आपण फार जपून सुरुवात करत आहोत, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या सेटनंतर रॉड स्टँडवर ठेवला, हात सोडले आणि समोरचा आरसा कडांकडून काळा होत आत येऊ लागला. खाली बसल्यावर अशी धाप लागली की दोन मिनिटे शब्द फुटेना. जिम चालवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, उपाशीपोटी येऊ नका, दोन केळी खाऊन येत जा." आमच्याकडे बहुतेक दुखण्यांवर पहिला उपाय केळीच असतो. मी केळी खाल्ली आणि दोन दिवसांनी डेडलिफ्टच्या (जमिनीवरून वजन उचलण्याच्या) वेळी पुन्हा तेच झाले.

घरच्या डॉक्टरांनी रक्त, साखर, थायरॉइड आणि ईसीजी एका दिवसात करून घेतले. हिमोग्लोबिन 13.6 होते, पुरुषांत ते 13 च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात, म्हणजे तेही ठीक होते. तरीही या वयात, रक्तदाब असताना आणि धाप लागत असताना हृदयाची टू-डी इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) केल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही, असे त्यांनी बजावले आणि चिठ्ठी दिली. त्यांचे म्हणणे योग्यच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. जळगावच्या ज्या रुग्णालयाची चिठ्ठी होती तिथे हृदयाचे डॉक्टर बाहेरगावाहून फक्त मंगळवारी येत असत. नंबर फोनवर मिळतो असे सांगितले होते, पण तो फोन सकाळी आठपासून सतत व्यस्त लागे, म्हणून मी स्कूटर घेऊन स्वतःच गेलो. एकतिसावा नंबर मिळाला. कूलर होता, पण त्याचे तोंड काउंटरकडे होते. बाकांवरची आम्ही मंडळी फाइलींनीच वारा घेत होतो. साडेतीन वाजता जाहीर झाले की साहेबांना तातडीचे काम निघाले असून आज पंचवीस नंबरपर्यंतच तपासणी होईल. "मग पुढच्या वेळी हाच नंबर चालेल का?" असे मी विचारले, तर उत्तर मिळाले, "नंबर दर मंगळवारी नवा असतो."

पुन्हा तिथेच यायचे आहे, या विचाराने मी फाइल आठवडाभर स्कूटरच्या डिकीतच राहू दिली. ही चूक माझी. दुसऱ्या मंगळवारी पहाटेच निघून बारावा नंबर मिळवला. काउंटरवरच्या मुलीने फाइल उघडली आणि ईसीजी माझ्यासमोर धरला. गुलाबी चौकटींचा तो गुळगुळीत कागद करपलेल्या भाकरीसारखा काळपट झाला होता आणि त्यावरची रेघ शोधूनही दिसत नव्हती. ईसीजीचा कागद थर्मल असतो; त्यावर शाई नसते, उष्णतेनेच अक्षर उमटते आणि जास्त उष्णता लागली की सगळा कागदच काळा पडतो. एप्रिलमध्ये भुसावळचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास असताना उन्हात उभ्या स्कूटरच्या बंद डिकीत काय होत असेल, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला सुचायला हवे होते.

"ईसीजीशिवाय फाइल आत जात नाही," असे ती म्हणाली. ईसीजी त्याच इमारतीत निघत होता, पण तो काढणारा माणूस जेवायला गेला होता. तो येईपर्यंत माझा नंबर होऊन गेला, मला सर्वांत शेवटी टाकण्यात आले, आणि ते शेवटचे टोक त्या दिवशीही आले नाही. ईसीजीचे पैसे मात्र घेतले गेले. परतताना हायवेवर मी मनातल्या मनात तक्रारअर्जाचे तीन मसुदे केले. लिहिला एकही नाही.

तिसऱ्या मंगळवारी नववा नंबर होता. नाव पुकारल्याबरोबर मी ताडकन उठलो, तोल गेला आणि भिंत धरली. तिथल्या वयस्कर सिस्टरांनी, "काय व्हयनं भाऊ?" असे विचारत मला खाटेवर झोपवले, पाच मिनिटे थांबून रक्तदाब घेतला, मग उभे करून पुन्हा घेतला आणि दोन्ही आकडे फाइलवर लिहिले. तीन आठवड्यांत मला उभे करून रक्तदाब मोजणाऱ्या त्या पहिल्याच. इको चांगली आली, ट्रेडमिलची चाचणीही त्याच दिवशी पार पडली. पण डॉक्टरांनी आधी सिस्टरांचे आकडे पाहिले आणि गोळीची पट्टी मागितली. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर तो दोष धरतात. माझ्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड होते, जे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढते. मी ती गोळी पहाटे नुसत्या चहाबरोबर घेऊन लगेच जिमला जात होतो, आणि उरलेले पाणी खानदेशचा उन्हाळा घामातून काढत होता.

त्यात मी श्वास कोंडून वजन उचलत असे. जोर लावताना श्वास धरला की छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि वजन ठेवून श्वास सोडल्यावर रक्तदाब झपकन खाली येतो. आधीच पाणी कमी असलेल्या शरीराला तो झटका पेलत नाही. धाप मात्र वेगळ्या कारणाची होती. व्यायाम सुटला की दम काही आठवड्यांतच उतरतो, स्नायूंची ताकद त्यामानाने टिकते, त्यामुळे 60 किलो उचलले जातात पण ते पचत नाहीत.

डॉक्टरांनी लघवीचे औषध काढून साधी गोळी दिली आणि दोन आठवडे घरी आकडे लिहून ठेवायला सांगितले. हे वाचून कोणी आपली गोळी स्वतःहून बंद करू नये. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जावे. मी 30 किलोपासून पुन्हा सुरुवात केली. वर येताना श्वास सोडतो, दोन सेटमध्ये तीन मिनिटे थांबतो आणि सेट संपल्यावर जागेवर खिळून न राहता चार पावले चालतो, म्हणजे पायांतले रक्त वर येत राहते. जिमला निघण्याआधी अर्धा लिटर पाणी पितो, आणि हो, एक केळेही खातो. माझा विद्यार्थी त्यावर खूश आहे.

छातीत आवळल्यासारखे वाटले, हात किंवा जबडा दुखू लागला, अथवा शुद्धच हरपली, तर मात्र मंगळवारची वाट न पाहता 108 ला फोन करावा. हे खरे तर वरच लिहायला हवे होते. आणि ईसीजी काढला की दुकान गाठून त्याची झेरॉक्स त्याच दिवशी करून घ्यावी. माझा काळा पडलेला कागद अजून फाइलीत आहे, आणि आता ती फाइल कपाटात असते.