आमची वाटचाल : शेवटचे आठ दिवस

साखर कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन दसऱ्याच्या आसपास ठरतं. एकदा पत्रिका छापली की तारीख हलत नाही. अध्यक्ष येणार, संचालक मंडळ येणार, पूजा होणार आणि पुढं गव्हाणीत मोळी पडणार. इकडं साईटवर सिव्हिलचं काम १५ दिवस लांबलेलं असतं. त्यामुळं स्ट्रक्चर लांबतं, पाइपिंग लांबतं, केबल ट्रे लांबतो. ट्रेशिवाय केबल नाही आणि केबलशिवाय ट्रान्समीटर (दाब, पातळी मोजून सिग्नल पाठवणारं उपकरण) ही नुसती बोल्टानं आवळलेली वस्तू. सगळ्यांचे लांबलेले दिवस शेवटी इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याच्या, म्हणजे मोजमापाची आणि कंट्रोलची उपकरणं बसवणाऱ्याच्या, वाट्यातून कापले जातात. २००९ पासून हा धंदा आम्ही सांगलीत करतोय. आमची वाटचाल सांगायची तर हे कापले जाणारे दिवस राखायला शिकलो, तीच सांगायला हवी.

त्याआधी सात वर्षं मी पुण्यात प्रोजेक्ट इंजिनिअर होतो. पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा नकाशा) समोर ठेवून इन्स्ट्रुमेंट इंडेक्स, म्हणजे उपकरणांची यादी, काढायची, डेटाशीट भरायच्या, व्हेंडरची ड्रॉइंगं तपासायची, केबल शेड्यूल आणि हूक-अप (उपकरण कसं जोडायचं त्याची ड्रॉइंगं) करायचे, पॅनल बघून पाठवायचं आणि त्याच्या मागोमाग बॅग घेऊन साईटवर जायचं. बऱ्याच वेळा ती साईट सांगली-साताऱ्याकडंच असायची. कारखाने, डिस्टिलरी, डेअऱ्या, फाउंड्री, सगळं आमच्याच मुलखात. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा. चांगला फिटर, चांगला टर्नर या भागात कधी शोधावा लागला नाही. पण ऐन हंगामात रात्री दोनला एखादा कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला, तर माणूस पुण्याहून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचा. तोवर बॉयलर हातानं चालवायचा. हे माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी नोकरी सोडली. कुपवाड एमआयडीसीत मावसभावाचं पॅनल वायरिंगचं काम होतं, त्याच्याच निम्म्या शेडमध्ये टेबल मांडलं.

पहिली तीन वर्षं सर्व्हिसची छोटी कामं केली. चौथ्या वर्षी एका कारखान्याच्या ६७ अटाच्या (हवेच्या दाबाच्या साधारण ६७ पट दाबाच्या) बॉयलरचं पूर्ण इन्स्ट्रुमेंटेशन मिळालं. ते काम सविस्तर सांगतो, कारण तिथं आम्ही चुकलो.

बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी आणि वाफ असते; त्यातल्या पाण्याची पातळी डीपी (दोन दाबांतला फरक मोजणाऱ्या) ट्रान्समीटरनं मोजतात. एका बाजूला ड्रममधलं पाणी, दुसऱ्या बाजूला कंडेन्सेट पॉटपासून (वाफेचं पाणी साठणाऱ्या भांड्यापासून) खाली येणारी, पाण्यानं कायम भरलेली नळी म्हणजे वेट लेग, आणि दोन्हींच्या दाबातला फरक म्हणजे पातळी. आमचं ६०० मिलिमीटरचं कॅलिब्रेशन थंड पाण्यावर अगदी बरोबर होतं. पण बाहेरच्या लेगमधल्या थंड पाण्याचा लिटर एक किलोचा असतो, तर ६७ अटाला ड्रममधल्या पाण्याचा लिटर जेमतेम पाऊण किलोचा. हा फरक ड्रमचा दाब घेऊन लॉजिकमध्ये, म्हणजे कंट्रोलच्या प्रोग्रॅममध्ये, दुरुस्त करावा लागतो. ती दुरुस्ती आमच्या यादीत होती, पण शेवटच्या दोन दिवसांत टाकायची राहून गेली. लूप चेकिंगला, म्हणजे प्रत्येक उपकरण स्क्रीनपर्यंत बरोबर जोडलंय का हे तपासायला, आठ दिवस धरले होते, हातात दोन आले होते.

प्रेशर चढत गेलं. स्क्रीनवर पातळी ५० टक्क्यांवर स्थिर होती आणि मी समाधानात होतो. बॉयलरवर एक वयस्कर अटेंडंट होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. ते वरून खाली आले आणि म्हणाले, "इंजिनिअर, काचंत पाणी वर हाय. तुमचा आकडा काय म्हनतोय?"

मी म्हणालो, "तात्या, पन्नास आहे. काचेत थोडा फरक पडतोच."

"थोडा न्हवं. वर या आनि बघा."

वर गेलो. गेज ग्लासमध्ये पाणी स्पष्ट वर दिसत होतं. नंतर गणित केलं तेव्हा ड्रममध्ये पाणी ६५ टक्क्यांच्या आसपास असणार, असं निघालं. असंच लोड वाढवत गेलो असतो तर वाफेबरोबर पाण्याचे थेंब सुपरहीटरमधून टर्बाइनकडं गेले असते. फीड वॉटर मॅन्युअलवर घेतलं, लोड थांबवला आणि पहाटेपर्यंत बसून दुरुस्तीचा ब्लॉक टाकला. तोवर तात्या काचेसमोर उभे होते, दर पाच मिनिटांनी वॉकी-टॉकीवर पातळी सांगत. त्या माणसाचा मी आजही ऋणी आहे.

पुढच्या कामापासून करारात एक कलम घालायला लागलो. पाइपिंगची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाल्यावर आणि ट्रान्समीटरना पॉवर मिळाल्यावर लूप चेकिंगचे आठ दिवस आमचे. ते कमी केले तर त्याच प्रमाणात अग्निप्रदीपनाची तारीख पुढं. या कलमापायी आम्ही दोन मोठी कामं गमावली. एका ठिकाणी तर स्वस्तात काम घेतलेल्या माणसानं ट्रान्समीटर लावून नुसतं कंट्रोल रूममधून सगळं 'ओके' लिहून दिलं. ते वाचून माझा जीव तुटला. लूप म्हणजे ट्रान्समीटर, केबल, जेबी (केबली जोडायची पेटी), मार्शलिंग (पॅनलमधली वायरांची जोडणी), सिग्नल वाचणारं कार्ड, स्क्रीन, आणि परत व्हॉल्व्हपर्यंतची वाट. त्या वाटेच्या दोन्ही टोकांना माणूस उभा असल्याशिवाय ती तपासली असं म्हणता येत नाही.

आमच्याकडं ती अशी तपासली जाते. एक मुलगी ट्रान्समीटरपाशी, दुसरी स्क्रीनपाशी. पहिली फेरूलवरचा (वायरीवर चढवलेल्या कड्यावरचा) नंबर मोठ्यानं वाचते, "एलटी एकशे एक." दुसरी स्क्रीनवरचा टॅग वाचते. मग चार मिलीअँपिअरचा सिग्नल द्यायचा, उत्तर येतं शून्य टक्के. आठ, पंचवीस. बारा, पन्नास. सोळा, पंच्याहत्तर. वीस, शंभर. मग तेच उतरत्या क्रमानं. शेवटी वायर सुटी करायची आणि स्क्रीनवर फॉल्ट यायला हवा. शून्यासाठी चार मिलीअँपिअर ठेवले आहेत ते एवढ्यासाठीच, की तुटलेली वायर आणि रिकामी टाकी वेगळी ओळखू यावी. शीटवर दोघींच्या सह्या होतात.

याच तपासणीत एकदा पीटी १०० या तापमानाच्या सेन्सरला दोनच कोअरची (तारांची) केबल ओढलेली सापडली. गिऱ्हाइकानं पैसे वाचवायला परस्पर घेतली होती. तापमान एक अंशानं वाढलं की त्या सेन्सरचा रोध साधारण ०.३८५ ओमनं वाढतो. केबलचेच २ ओम असले तर ५ अंशांची चूक तिथंच झाली. तिसऱ्या तारेमुळं केबलचा रोध वजा करता येतो, म्हणून तीन कोअरची केबल परत ओढली. तेव्हा त्यांना राग आला होता, आता तेच पुढच्या कामाला फोन करतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. कुपवाड उंचावर, शेड कोरडी राहिली. गावभागातल्या आमच्या तीन मुलांची घरं मात्र पाण्यात गेली. त्यांची कुटुंबं शेडमध्येच राहिली. पॅनलच्या रिकाम्या लाकडी पेट्या जोडून झोपायची सोय केली. त्यानंतर नदीकाठच्या एका जॅकवेलचं (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीचं) काम आलं, तेव्हा ड्रॉइंगमध्ये जेबी जमिनीपासून दीड मीटरवर दाखवली होती. आम्ही भिंतीवरची २०१९ ची खूण शोधली आणि जेबी तिच्या वर घेतली. २०२१ ला परत पाणी आलं, ती पेटी कोरडी राहिली.

आज आम्ही १४ जण आहोत. शेड आता पूर्ण आमची आहे, मावसभाऊ पॅनलची बाजू बघतो. बिलातली १० टक्के रक्कम गिऱ्हाईक रिटेन्शन म्हणून राखून ठेवतो, ती हंगाम संपेपर्यंत येत नाही. त्याचं ओझं अजूनही दर वर्षी असतं. मुलांचे पगार मात्र कधी थांबवले नाहीत.

या हंगामाला वाळव्याकडच्या एका बॉयलरवर आहोत. १४२ लूप आहेत, १३७ झाले. पाच व्हॉल्व्ह अजून व्हेंडरकडून यायचेत. अग्निप्रदीपनाला ११ दिवस आहेत. पत्रिका छापायला टाकण्याआधी या वेळी चीफ इंजिनिअरांनी फोन करून विचारलं, "तुमचे आठ दिवस बसतायत ना?"