हिरवा ठिपका दिसेपर्यंत : माझा अनुभव

डायटम या एकपेशीय शैवालाच्या पेशीत एक प्रथिन नेमकं कुठे राहतं, एवढंच मला शोधायचं होतं. जर्मनीत पीएचडीला आल्यावर मिळालेलं हे पहिलं काम. चार महिन्यांत होईल असं सगळे म्हणत होते, लागले चौदा.

आमचा डायटम म्हणजे फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्न्यूटम. लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता आणि पोटात एकच मोठं सोनेरी-तपकिरी हरितलवक. झाडांच्या हरितलवकाभोवती दोन पटलं असतात, याच्याभोवती चार. फार पूर्वी याच्या पूर्वजानं एक अख्खं लाल शैवाल गिळलं आणि न पचवता सांभाळलं. त्या शैवालाची बरीचशी जनुकं पुढे यजमानाच्या केंद्रकात गेली. त्यामुळे आता प्रथिनं बाहेर बनतात आणि चार भिंती ओलांडून आत न्यावी लागतात.

यातली बाहेरून दुसरी भिंत ओलांडायची तऱ्हा मला अजूनही थक्क करते. आपल्या पेशींतही बिघडलेली प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेतून बाहेर काढणारी यंत्रणा असते. गिळलेल्या शैवालाकडे तिची स्वतःची प्रत होती. डायटमनं तीच प्रथिनं आत घ्यायला वापरली. तिला सेल्मा म्हणतात. 2007 पासून तिचा माग लागत गेला. म्हणून डायटमच्या एकाच पेशीत या यंत्रणेचे दोन संच असतात, एक यजमानाचा आणि एक शैवालाचा. माझं प्रथिन त्यातल्या कुठल्या संचातलं, हा प्रश्न होता.

उत्तर प्रथिनाच्या सुरुवातीच्या अमिनो आम्लांत असतं. तिथे पत्ता लिहिलेला असतो : आधी जालिकेत शिरण्याचा संकेत, मागोमाग हरितलवकाकडे नेणारा. या दोहोंच्या सांध्यावर फिनिलॲलानिन हे अमिनो आम्ल असेल, तर प्रथिन पार आतपर्यंत जातं. नसेल, तर सहसा दुसऱ्या आणि तिसऱ्या भिंतीमधल्या पोकळीत थांबतं. हा पत्त्याचा तुकडा जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडायचा, डीएनए धातूच्या बारीक कणांवर चढवून जीन गननं पेशींवर मारायचा आणि झिओसिन हे प्रतिजैविक घातलेल्या प्लेटवर जगतील त्या पेशी उचलायच्या. ज्यांत आपला डीएनए शिरला, त्याच तिथे जगायला हव्यात.

पहिल्या खेपेला सगळ्याच पेशी जगल्या. प्लेटभर तपकिरी गालिचा. मी ताजं झिओसिन मागवलं, मात्रा वाढवली, तरी तेच. पाच आठवडे असे गेले. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या पोस्टडॉकनं माझी बाटली हातात घेऊन विचारलं, "समुद्राचं पाणी पूर्ण क्षाराचं घेतलंयस का?" जास्त मिठात झिओसिन निष्प्रभ होतं. क्षार निम्म्यावर आणले आणि तीन आठवड्यांनी प्लेटवर मोजून अकरा वसाहती आल्या.

पण मायक्रोस्कोपखाली निराशाच. हरितलवक लाल चमकत होतं (हरितद्रव्य मायक्रोस्कोपच्या प्रकाशात तसंच चमकतं) आणि हिरवा रंग पेशीभर पसरलेला. म्हणजे पत्ताच नव्हता. प्रयोग तीनदा केला, निकाल तोच. हे प्रथिन कुठल्याच संचातलं नाही, असं लिहून मोकळं व्हावं इथवर मी आले होते.

मग एका रविवारी जनुकाचा क्रम कागदावर छापून घेतला आणि पेन्सिलीनं वाचायला बसले. या डायटमचा जीनोम 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे 2 कोटी 74 लाख अक्षरांचा. जनुक कुठे सुरू होतं याचा अंदाज बरेचदा संगणक करतो. माझ्या जनुकाचा अंदाज एका एटीजीपासून, म्हणजे प्रथिनाची सुरुवात दाखवणाऱ्या तीन अक्षरांपासून, होता. त्याच्या दोनशे दहा अक्षरं आधी, त्याच वाचन-चौकटीत (तीन-तीन अक्षरांच्या त्याच गटवारीत), आणखी एक एटीजी होता. मध्ये थांब-संकेत एकही नाही. आरएनएचे तुकडे जुळवून पाहिले, तर ते या नव्यानं सापडलेल्या एटीजीच्याही आधीपासून सुरू होत होते. सत्तर अमिनो आम्लं, म्हणजे सगळा पत्ताच, मी कापून टाकला होता.

नवे प्रायमर, नवा क्लोन, पुन्हा तीन आठवडे. या वेळी अंधाऱ्या खोलीत लाल हरितलवकाच्या लांबीच्या मधोमध, त्याच्या कडेला अगदी चिकटून, एकच हिरवा ठिपका दिसला. पुढच्या पेशीत तसाच. त्याच्या पुढच्या पेशीतही. शैवालाच्या संचातली प्रथिनं त्या पोकळीत अशीच दिसतात. मी खुर्चीतून उठलेच नाही, चाळीस पेशींचे फोटो काढले आणि रात्री पुण्याला आईला फोन लावला. तिनं विचारलं, "सापडलं का गं तुझं ते?"

आता सांध्यावरचं सेरीन बदलून तिथे फिनिलॲलानिन घातलंय. ठिपका पसरून सगळ्या हरितलवकात हिरवा दिसायला हवा. प्लेट इन्क्युबेटरमध्ये आहेत, आज नववा दिवस.