आमची वाटचाल : भिंग, पट्टी आणि 1955 चा क्लेमेंटे

मुलगी कधीपासनं मागे लागलीय, बाबा दुकानाबद्दल लिहा, लोकांना कळू दे. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. एकदोघांना अजून कळलेलं नाही, त्यांचंही यात येईल.

मी मूळचा प्रेसवाला. लोअर परळला ऑफसेटवर नऊ वर्षं काढली आणि छपाईचे डॉट बघायचं दहा पटीचं भिंग खिशात घालूनच न्यू जर्सीला आलो. 1989 ला एडिसनमध्ये बेसबॉल कार्डांचं, म्हणजे खेळाडूंची छापील चित्रं जमवणाऱ्यांचं, दुकान टाकलं, तेव्हा आपली माणसं दुकान टाकणार तर किराण्याचं नाहीतर साड्यांचं, त्यामुळे सगळ्यांनी वेड्यातच काढलं. मला तेव्हा बेसबॉल धड कळत नव्हता, इनफिल्ड फ्लाय म्हणजे काय हे एका दहा वर्षांच्या पोरानं काउंटरवर पेनं मांडून समजावलं. पण छपाई कळत होती. जुन्या रुकीच्या, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या कार्डाच्या, धंद्यात ते जास्त कामाला येतं. रिप्रिंट भिंगाखाली धरा, नावाची काळी अक्षरं ठिपक्यांनी भरलेली दिसतात, कारण फोटोवरनं फोटो काढलेला असतो. ओरिजिनलला अक्षर भरीव, ठिपके फक्त चित्रात.

1993 ला रस्त्याच्या पलीकडे दुसरं दुकान आलं. नाव घेत नाही. गिऱ्हाइकांना सांगायचा, त्या इंडियनला क्रिकेटच्या बॅटी विकू दे.

आणि मग 94. चूक माझी पण होती, लपवत नाही. 89 च्या अपर डेक कंपनीच्या कार्डांमधल्या ग्रिफी ज्युनियर या नव्या खेळाडूनं सगळ्यांची डोकी फिरवली होती, प्रत्येक नवीन पोरगा म्हणजे उद्याचा ग्रिफी, म्हणून मी 90-91 चा चौतीस केस माल उधारीवर उचलला. जगानंही तोच उचलला होता. एवढा छापला होता की आजही कोणी फुकट नेत नाही, त्यातले सहा केस गॅरेजमध्ये आहेत, वर रंगाचे डबे ठेवतो. त्यात 12 ऑगस्टला प्लेयर्सचा स्ट्राइक, सप्टेंबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनलच, रद्द, 1904 नंतर पहिल्यांदा. लोक बेसबॉलवरच चिडले तर कार्ड कोण घेणार. ऑक्टोबरात एका शनिवारी, शनिवारी हां, गल्ल्यात अकरा डॉलर. ही नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करायची, घराचा हप्ता तिच्या पगारातनं जायचा आणि मी सकाळी तिची नजर चुकवून दुकानात यायचो. देणेकरी रोज फोन करायचे. समोरच्यानं बाहेर बोर्ड लावला, दुकानं बंद करणाऱ्यांचा माल रोखीनं घेऊ. बोर्डाचं तोंड माझ्या दाराकडे.

त्याच नोव्हेंबरात पर्थ अंबॉयचे एक रिटायर्ड पोस्टमन आले, पोर्तोरिकोचे, आमच्या घरात ते कायम पोस्टवाले आजोबाच. समोरनं घेतलेलं कार्ड दाखवायला आणलेलं, दोन महिन्यांचं पेन्शन घालून. 1955 चं टॉप्स कंपनीचं, नंबर 164, पोर्तोरिकोचाच खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे. आडवं कार्ड, मोठा चेहरा आणि शेजारी छोटा बॅटवाला. भिंगाखाली छपाई शंभर टक्के खरी. पण पट्टी लावली तर पावणेचार इंच लांबी बरोबर आणि उंची अर्धं सूत कमी. खालची कड पांढरी, धारदार, बाकी तिन्ही कडा चाळीस वर्षांच्या तपकिरी झालेल्या. कटिंग मशीनवर नवं पातं चढवलं की पहिला गठ्ठा कसा निघतो ते मी रोज बघितलंय. ट्रिम केलेलं होतं. घासलेले कोपरे कापून नवे केलेले.

आजोबा काहीच बोलले नाहीत. समोर गेले, परत आले. पैसे मिळाले नाहीत, उत्तर मिळालं, तो इंडियन काय सांगतोय.

माझ्याकडे एका घरातनं आलेल्या लॉटमध्ये तोच क्लेमेंटे होता, मधोमध घडी, कोपरे गोल, पण न कापलेला. तो दिला, महिना चाळीस डॉलर. पहिलीला पेन्शन, दोन तारखेला आजोबा हजर, चौदा महिने, एकदाही चुकले नाहीत, आणि दर वेळी कोणीतरी सोबत, चर्चमधला नाहीतर पोस्टातला. त्या हिवाळ्यात भाडं निघालं ते या माणसांवर.

कार्ड हातात घेऊन बसायचे. म्हणायचे यावर रोबेर्तो आहे बघ, 57 पासनं 69 पर्यंत टॉप्सनं त्याला बॉब करून टाकलं. कार्डाच्या मागच्या आकड्यांत मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगचा, एक हिट नाही. पुढे मोजून 3000 झाले, आणि 72 च्या 31 डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान समुद्रात गेलं. ''यातलं काहीच माहीत नाहीये ना त्याला,'' आजोबा चेहऱ्यावर बोट न टेकवता दाखवायचे. कोणी विचारलं रुकीचंच काय एवढं, तर मला ते बोट आठवतं.

1996 ते 2019 दुकान सुरळीत चाललं.

2022 ला 52 च्या टॉप्समधला मिकी मँटल या खेळाडूचा कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला गेला आणि मंडळातल्या यच्चयावत लोकांचे फोन, तुमच्याकडे आहे का हो एखादा. अहो ते त्याचं रुकीसुद्धा नाही, रुकी 51 चं, बोमन कंपनीचं. जाऊ दे. विषय निघालाच आहे तर सांगतो, 52 ते 56 चं टॉप्स मोठ्या मापाचं, त्याला आजचं स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकचं पाकीट, कोंबू नका. रबरबँड नको, खोडरबर तर नकोच. 71 च्या काळ्या बॉर्डरला नखसुद्धा लागू देऊ नका. आणि तपासून सील केलेल्या प्लास्टिकच्या डबीवरचा ग्रेड वाचून पैसे काढू नका, आधी कार्ड बघा. पट्टी दोन डॉलरला मिळते.

आजोबा गेले, कार्ड नातीकडे आहे, वर्षाकाठी येऊन स्लीव्ह बदलून नेते, मी पैसे घेत नाही.

समोरच्यानं 2003 ला गाशा गुंडाळला. सामान विकायला काढलं तेव्हा मी गेलो होतो, बघायला. मागच्या टेबलाखाली छोटं हाताचं कटिंग मशीन होतं, पातं नवंकोरं. पंधरा डॉलर सांगितले, मी घासाघीस केली नाही. आता प्राइस टॅग कापायला वापरतो.