नोकरांखेरीज

अमेरिकेतल्या मिनियापोलिसलगतच्या एका उपनगरात, नगरपालिकेच्या वकिलांच्या हाताखाली मी कागदपत्रांचं काम करते. जुन्या खरेदीखतात वंशाची अट, म्हणजे गोऱ्यांखेरीज कुणाला जागा देऊ नये असं कलम, सापडली, की ती रद्द केल्याचा दस्त आम्ही घरमालकाला विनामूल्य करून देतो. 'जस्ट डीड्स' हा उपक्रम गोल्डन व्हॅलीत सुरू झाला, मग एकेक नगरपालिका त्यात येत गेली. अटी शोधल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या 'मॅपिंग प्रेज्युडिस' प्रकल्पानं. स्वयंसेवकांनी खरेदीखतं अक्षरशः वाचून काढली. एकट्या मिनियापोलिसमध्ये अशा ८,०००च्या आसपास अटी निघाल्या.

लोक विचारतात, हा खटाटोप कशाला? अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निकाल १९४८ सालीच लागला. मिनेसोटा राज्यानं १९५३मध्ये नव्या अटींवर बंदी घातली. खरं आहे. पण ज्यांना तेव्हा घर घेऊ दिलं नाही, त्यांच्या मुलांना ते वारशात मिळालं नाही. सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या दिवशी पंचाहत्तरीच्या एक कृष्णवर्णीय बाई आल्या. निवृत्त नर्स. वीस वर्षांपूर्वी त्यांनी इथं घर घेतलं होतं. मी मूळ खरेदीखताची प्रत पुढे सरकवली आणि कुठली ओळ ते बोटानं दाखवलं. हे करताना माझा हात अजूनही जड होतो. त्यांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली: गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही ही जागा विकू नये, भाड्यानं देऊ नये, राहू देऊ नये, घरकामाचे नोकर वगळून.

शेवटचे शब्द त्यांनी पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "माझी आई याच भागात कामाला यायची. बसनं. मालकांकडे पाहुणे असले की रात्री इथंच झोपायची. आम्ही भावंडं घरी एकटी."

मला काहीच बोलता येईना. इतके दिवस मी ती सवलत नजरेआड करत आले होते. माझं लक्ष 'कुणाला नाही' याच्याकडेच असायचं. आई या घरांत झोपू शकत होती, ते याच ओळीच्या आधारानं.

नोटरीसमोर सही झाली. नोंदणी कार्यालयात दस्त पाठवायचा तेवढा राहिला. त्यांनी विचारलं, "यानं जुनं पान पुसलं जाईल?"

"नाही. ते नोंदीत तसंच राहतं. ती अट तुम्ही रद्द केलीत, एवढं त्यापुढे नोंदलं जातं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. नव्या दस्ताची प्रत मी लिफाफ्यात घालत होते. त्यांनी मला थांबवलं आणि जुन्या पानाचीही मागितली. भावंडं तिघं होती, म्हणून तीन प्रती.