आधी विचारपूस, मग आसन

गोव्यात योगशिक्षक होणे सध्या फारसे अवघड राहिलेले नाही. उत्तरेला मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल आणि दक्षिणेला आगोंद, पाळोळे, पाटणे या पट्ट्यांत पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की दोनशे तासांचे प्रशिक्षणवर्ग एकापाठोपाठ एक भरतात, साधारण महिनाभरात अभ्यासक्रम संपतो आणि प्रमाणपत्र हातात पडते. या वर्गांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पेडणे आणि काणकोण तालुक्यांतल्या अनेक मुलामुलींना त्यांतून हंगामी का होईना, पण स्वतःच्या गावात रोजगार मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. अडचण सुरू होते ती हंगाम सरल्यावर. पाऊस तोंडावर आला की किनाऱ्यावरच्या शाळा आवरल्या जातात, मुलगी घरी येते आणि शेजारची काकी तिला म्हणते, "तू योग शिकवतेस ना, मग माझ्या गुडघ्यांचं काय ते बघ गो." पंचविशीतल्या धडधाकट पर्यटकाकडून सूर्यनमस्कार घालून घेण्याची सवय झालेल्या त्या मुलीसमोर आता साठी उलटलेली, मधुमेहाच्या गोळ्या घेणारी, जमिनीवर बसली तर आधाराशिवाय उठू न शकणारी बाई उभी असते, आणि त्या दोनशे तासांतले फारसे काही तिथे कामी येत नाही.

फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या भाविकांच्या निवासाच्या इमारतीत, मी उपचारात्मक योगाचा वर्ग घेते आणि अशा तरुण शिक्षकांपैकी ज्यांना या कामाची खरोखर ओढ आहे त्यांना हाताशी घेऊन तयारही करते. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा किती दिवस लागतील, हाच असतो. उत्तर ऐकून काही जण पुन्हा येत नाहीत. अमेरिकेत १९८९ मध्ये स्थापन झालेल्या योग थेरपिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली जे निकष जाहीर केले, त्यांत किमान ८०० तासांचे आणि दोन वर्षांपेक्षा कमी नसलेले प्रशिक्षण अपेक्षित होते, आणि तेही आधी साधा योगशिक्षक म्हणून तयार झालेल्या माणसासाठी. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळानेही सामान्य योगशिक्षकांच्या परीक्षा आणि उपचार करणाऱ्यांच्या परीक्षा वेगळ्या ठेवल्या आहेत. सहायक योग थेरपिस्ट ही त्यातली पहिली पायरी. हा काळ जास्तीची आसने शिकण्यात जात नाही. उलट, उपचारासाठी लागणारी आसने थोडीच असतात आणि त्यांतली बरीचशी खुर्चीवर, भिंतीशी किंवा झोपून करायची असतात. वेळ जातो तो समोरच्या माणसाकडे पाहायला शिकण्यात आणि जे दिसले त्याप्रमाणे ठरवलेला बेत मोडायला शिकण्यात.

हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून मी नव्या शिक्षकांना कंबरदुखीपासून सुरुवात करायला लावते. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षे ट्रक चालवलेला पन्नाशीचा एखादा माणूस येतो. त्याची कळ खाली वाकले की वाढते, बसून राहिले की वाढते आणि मांडीच्या मागून पोटरीत उतरते. त्याच आठवड्यात सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक येतात. त्यांना बसल्यावर बरे वाटते, पण बाजारापर्यंत चालत गेले की दोन्ही पाय जड होतात आणि कठड्यावर हात टेकून पुढे झुकले की मोकळे होतात. दोघेही नाव, वय सांगून झाल्यावर "कंबर" एवढेच म्हणतात. पहिल्याच्या बाबतीत मणक्यांमधली चकती सरकल्याचा संशय घ्यावा लागतो, दुसऱ्यांच्या बाबतीत मणक्याची नळी अरुंद झाल्याचा. पालथे झोपून छाती हळूहळू उचलणे पहिल्याला बऱ्याचदा मानवते. तेच भुजंगासन दुसऱ्यांचे दुखणे वाढवते, आणि दुसऱ्यांना आराम देणारे पुढे वाकणे पहिल्याला महागात पडते. "कंबरदुखीसाठी पाच आसने" असा जो मजकूर मोबाइलवर फिरतो, तो या दोघांनाही एकाच वेळी पोहोचतो, ही माझी त्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

निदान करणे हे अर्थातच डॉक्टरांचे काम आहे आणि ते आपल्या हाती घेण्याचा मोह योगशिक्षकाने पहिल्या दिवसापासून आवरला पाहिजे. पण निदान झालेले असले तरी शिक्षकाला सत्रामध्ये क्षणोक्षणी निर्णय घ्यावा लागतोच. पायात उतरलेली कळ मांडीपर्यंत आणि मग कमरेपर्यंत मागे सरकत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सहसा चांगले लक्षण मानतात. उलट कंबर हलकी वाटू लागली पण कळ पोटरीकडे खाली निघाली, तर तिथेच थांबायचे. बैठकीच्या भागात बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, चालताना पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही कानावर आले तर सतरंजीसुद्धा न पसरता माणसाला थेट बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवायचे. या दोन वाक्यांसाठी आम्ही दोन दोन सत्रे खर्च करतो, कारण रोगी आपणहून यातले काहीच सांगत नाही. लघवीविषयी तर परक्या तरुण मुलीला कोणी सांगणारच नाही. तिने विचारावे लागते, आणि कसे विचारावे याचाही सराव लागतो.

विचारपूस संपण्याआधीच पाहणे सुरू झालेले असते. बाई दारात चपला कशा काढते, वाकून की भिंतीला धरून. खुर्चीवर बसताना शेवटच्या वितीत अंग टाकून देते का. उठताना हात मांडीवर दाबते का. बोलता बोलता श्वास पुरतो का. घोटे सुजलेले आहेत का, पायाच्या तळव्यावर जखम आहे का. मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव गेलेली असेल तर ती जखम तिला ठाऊकही नसते, आणि अशा माणसाला एका पायावर उभे करणारा वृक्षासनाचा उत्साह भलत्या वळणावर जातो. नवी शिक्षिका हे सगळे एका बाजूला वहीत टिपते आणि मी दुसऱ्या बाजूला बसून माझे टिपण करते. नंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून आम्ही काय सुटले ते पाहतो. माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणात याइतका उपयोगी भाग दुसरा नाही.

काय करू नये याची यादी मात्र पाठच असावी लागते, तिथे चर्चेला जागा नाही. काचबिंदू असलेल्याला डोके खाली जाणारी आसने द्यायची नाहीत. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. हाडे ठिसूळ झालेल्या बाईला पाठ गोल करून पुढे वाकवायचे नाही, कारण मणका दबून चुरण्याचा धोका असतो आणि पश्चिमोत्तानासनात नेमके तेच घडते. रक्तदाब आटोक्यात नसेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, आणि कपालभाती दोन्ही बाजूला ठेवायचे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर शवासनातून झटकन उठवायचे नाही. कुशीवर वळवून, मिनिटभर बसवून मगच उभे करायचे. कपालभाती दूरचित्रवाणीमुळे इतकी घरोघरी गेली आहे की ती बंद करायला सांगणारा शिक्षक लोकांना अर्धवट शिकलेला वाटतो. अशा वेळी मी हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाचा आधार घेते. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे तसाच प्राणही, नाही तर तो साधकाचाच घात करतो, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आणि पुढच्याच श्लोकात युक्त प्राणायामाने सर्व रोग जातात, अयुक्त अभ्यासाने सर्व रोग उद्भवतात, असे दोन्ही बाजूंनी बजावले आहे. आपण त्यातली पहिली ओळ तेवढी भिंतीवर लावतो.

साधनांच्या बाबतीत पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी जे करून ठेवले आहे त्यावाचून आमचे पान हलत नाही. दोऱ्या, लोड, पट्टे, लाकडी ठोकळे, घडीची खुर्ची यांच्या आधाराने आजारी माणसालाही आसनात राहता येते, ही दृष्टी त्यांची. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय या सगळ्यांतून गेलेल्या माणसाला ती सुचावी यात मला आश्चर्य वाटत नाही. आमच्या अग्रशाळेत मात्र लग्नसमारंभाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. त्या गुळगुळीत लादीवर सरकतात आणि त्यांचे पाय बाहेर फाकतात, म्हणून खुर्ची भिंतीला टेकवून, पायांखाली रबरी चटई घालून, आधी शिक्षकाने स्वतःचा भार टाकून पाहायचा असा नियम आहे. पावसाळ्यात सतरंज्यांना बुरशी येते. दमेकऱ्याला त्यावर झोपवण्याआधी त्या उन्हात पडल्या होत्या की नाही, हे विचारणेसुद्धा शिक्षणाचाच भाग समजायचा.

श्वासाच्या बाबतीत गोव्यात एक वेगळा प्रश्न येतो. वर्गाला ख्रिस्ती बायाही येतात आणि त्यांतल्या काहींना ओंकार म्हणायला संकोच वाटतो, तो त्यांच्या जागी रास्तही आहे. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली 'आवे मारिया' प्रार्थना आणि एकदा 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हणायला लावले. दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्रिया सुधारली. अभ्यास लहान आहे, त्यावरून कोणताही रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. पण संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्या बाईला तिच्या ओळखीच्या प्रार्थनेवरच श्वास लांबवायला शिकवता येतो, एवढे मला पुरेसे आहे.

आता प्रेरणेविषयी, कारण शिक्षक थकतात. आजारी माणसांत रोज वावरणे सोपे नसते. चमत्काराच्या कथांवर पोसलेली प्रेरणा मला फार टिकलेली दिसली नाही. त्यापेक्षा जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचे काम मी मुलांना सांगते. नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडे ते शिकले. मुंबईत १९१८ मध्ये योग इन्स्टिट्यूट काढणारे श्री योगेंद्रही त्याच गुरूंचे शिष्य. गुरूंनी शिकवलेली नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, पोटात नेमके काय करते, हे पाहण्यासाठी कुवलयानंदांनी क्ष-किरणांची मदत घेतली, मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तो वातावरणाच्या दाबाखाली जातो हे दाखवले आणि त्या कमी दाबाच्या स्थितीला गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्यांचे नियतकालिकही. गुरूवर पूर्ण श्रद्धा आणि तरीही मोजून पाहण्याची तयारी, या दोन गोष्टी एका माणसात नांदतात हे समजले की तरुण शिक्षकाला हुरूप येतो, असा माझा अनुभव आहे.

श्रेय घेण्याचा प्रश्नही इथेच येतो. आखडलेल्या खांद्याचे एक गृहस्थ बरेच महिने येत होते. गणेशचवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट, बांधायला हात वर जात नाही, याचेच त्यांना अधिक दुःख होते. पुढच्या चवथीला त्यांनी नारळ, सुपारीचा घड, कांगले असे सगळे आपल्या हाताने बांधले आणि येऊन म्हणाले, "आतां बरें दिसता," म्हणजे आता बरे वाटते. त्यांच्याबरोबर काम केलेल्या शिक्षिकेचा आनंद मी हिरावून घेतला नाही, पण वहीत तिला हेही लिहायला लावले, की आखडलेला खांदा मधुमेह्यांमध्ये अधिक आढळतो, तो एक ते तीन वर्षांत बहुधा आपोआपही सैल होतो, आणि आपण या काळात वेदना कमी ठेवायला, हालचाल टिकवायला आणि धीर न सोडायला मदत केली. तिने तोंड वाकडे केले. लिहिले मात्र.

पोटापाण्याचे बोलणेही टाळता येत नाही. किनाऱ्यावर एका तासाला जे मिळते ते गावात महिन्याच्या फीतही निघत नाही, कारण योग फुकट शिकवायचा असतो अशी आपल्याकडची समजूत आहे. आम्ही पहिली भेट एकेकट्याची ठेवतो आणि तिची फी घेतो. नंतर सारख्या तक्रारीच्या चार-पाच जणांचा गट करतो, म्हणजे त्यांना परवडते आणि शिक्षकालाही. तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून हंगामातले किनाऱ्यावरचे काम सोडू नका, असेच मी मुलांना सांगते.

नवी तुकडी चवथीनंतर सुरू होते. येताना घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची आठवडाभराची नोंद आणावी: ते अंथरुणातून कसे उठतात, कोणत्या गोळ्या केव्हा घेतात, जिना उतरताना कोणता पाय आधी टाकतात, दुपारी किती झोपतात. स्वतःच्या आसनांचे फोटो आणले तरी चालतील, पण ते पाहायला मला वेळ होईलच असे नाही.